नंबर वन कधी झालंच नाही, तरी वीस वर्षं उतरत पण नाही

गेल्या अंकात म्हटलं होतं, जी गाणी डोक्यातून जात नाहीत त्यांच्याबद्दल विचारा. आशाताई आल्या, आरडी आला, एका काकांनी नाट्यसंगीतावर चार पानं लिहिली (त्यांचं उत्तर पुढच्या अंकात, काका रागावू नका), पण बाकी पत्रांत फिरून फिरून एकच इंग्रजी गाणं येत राहिलं. लास वेगासच्या द किलर्स या बँडचं 'मिस्टर ब्राइटसाइड'. तेही मुंबई-पुण्याहून नाही, आपल्या नाशकातूनच. म्हणून या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवतो आणि एकदाच काय ते बोलून घेतो.

प्रश्न : मी एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो. यंदाच्या गॅदरिंगला पोरांच्या बँडनं हे गाणं सुरू केलं आणि मधेच लाइट गेली. जनरेटर होता पण त्यात डिझेल कुणी भरायचं यावर सकाळपासून दोन कमिट्यांचा वाद चालू होता, त्यामुळे तो तसाच. मला वाटलं आता शिट्ट्या आणि आरडाओरडा, पण पोरांनी मोबाइलचे टॉर्च लावले आणि गाणं तिथूनच पुढे उचललं, ड्रमवाला तेवढा वाजवत होता बाकी सगळं तोंडी. हजेरीला 'येस सर' म्हणायचा ज्यांना कंटाळा ती शेवटच्या बाकावरची पोरं शिरा ताणून गात होती. घरी येऊन शोधलं तर गाणं २००३ चं. यातली बरीचशी पोरं तेव्हा जन्मली पण नव्हती. हे त्यांना शिकवलं कुणी? आणि सिनेमा नाही, हीरो नाही, तरी गाणं टिकलं कसं? – एक प्राध्यापक, पंचवटी

सर, तुमचं पत्र वाचून आधी मिशिगन आठवलं. अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटीचं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम आहे, लाखाच्या वर माणूस बसतं त्यात. तिथे मॅचचा तिसरा क्वार्टर संपला की हे गाणं लावायची पद्धत पडलीये. आणि गंमत अशी की खेळ सुरू झाला म्हणून स्पीकर बंद होतो, तरी पब्लिक थांबत नाही, लाखभर माणसं विनासाथीची गातात. तुमच्याकडे लाइटनी केलं ते तिथे साउंडवाला मुद्दाम करतो एवढाच फरक.

आता मुळापासून सांगतो. २००१ साली लास वेगासमध्ये डेव्ह क्यूनिंग नावाच्या गिटारवाल्यानं तिथल्या एका साप्ताहिकात जाहिरात दिली की बँड काढायचाय, माणसं हवीत. ब्रँडन फ्लॉवर्स त्याला जाऊन भेटला. हा तेव्हा विशीचा पोरगा, हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलायचा, आणि ओअ‍ॅसिस या इंग्लिश बँडची कॉन्सर्ट बघून त्याच्या डोक्यात बसलं होतं की आपल्यालाही गिटारवालाच बँड पाहिजे. क्यूनिंगकडे एक रिफ (गिटारवर परत परत येणारी छोटी धून) तयार होती, फ्लॉवर्सनं त्यावर शब्द बसवले, आणि दोघांनी मिळून केलेलं जवळजवळ पहिलंच गाणं म्हणजे हे. शब्द कुठून आले तर पोराचा प्रेमभंग झालेला. रात्री झोपेतून उठला, मनात पाल चुकचुकली, उठून गावातल्या क्राउन अँड अँकर नावाच्या पबमध्ये गेला, तर गर्लफ्रेंड दुसऱ्याबरोबर. बस एवढीच स्टोरी.

त्याचा डेमो, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, कॅलिफोर्नियात बर्कलीला जेफ सॉल्ट्झमन या निर्मात्याकडे झालं, आणि पुढे २००४ मध्ये 'हॉट फस' अल्बम आला तेव्हा त्यात जवळपास तोच डेमो ठेवलाय, नव्यानं चकाचक करत बसले नाहीत. मला विचाराल तर अर्धी जादू तिथे आहे. त्या आवाजात घाई आहे, थोडा चिरकतो, मिक्समध्ये सगळं एकमेकांवर चढलंय, आणि माणूस संशयानं पेटलेला असताना असंच बोलतो. निवांत स्टुडिओत बसून हेच परत गायला लावलं असतं तर सूर जास्त नीट लागले असते आणि गाणं मेलं असतं.

अमेरिकेत सुरुवातीला कुणी विचारलं नाही. सप्टेंबर २००३ मध्ये लिझर्ड किंग या लंडनच्या छोट्या लेबलनं (रेकॉर्ड कंपनीनं) थोड्याच प्रती काढल्या, त्याचं काही विशेष झालं नाही. मे २००४ ला परत काढलं तेव्हा ब्रिटनच्या चार्टवर (गाण्यांच्या खपाच्या क्रमवारीत) दहाव्या नंबरला गेलं, अमेरिकेत २००५ मध्ये दहाव्याच नंबरला. दोन्हीकडे दहावं, आणि संपलं. म्हणजे आपल्या रिझल्टच्या भाषेत फर्स्ट क्लास, पण पेपरात फोटो नाही.

पण सर, तुम्ही कॉमर्सवाले, तर तुम्हाला पुढचा भाग आवडेल. पूर्वी चार्ट म्हणजे दुकानात विकलेल्या सीडी-रेकॉर्डी. दुकानातून सिंगल (एकाच गाण्याची रेकॉर्ड) गेलं की गाणं चार्टवरून गेलं, लोक घरी कितीही ऐकोत, हिशोबात धरायचेच नाहीत. मग डाउनलोड मोजायला लागले, जुलै २०१४ पासून ब्रिटनमध्ये स्ट्रीमिंग पण मोजायला लागले. म्हणजे आधी विकत घेण्याचा हिशोब होता, तो वापरण्याचा झाला. आणि तिथे हे गाणं उघडं पडलं, की अरे, हे तर लोक वर्षानुवर्षं रोज वाजवतायत! टॉप १०० मध्ये ते आत-बाहेर करत राहिलं आणि सगळे आठवडे मिळून ४०० च्या पुढे गेले. त्यात २०१७ पासून तिथे नियम असा की उतरणीला लागलेल्या जुन्या गाण्यांचे स्ट्रीम निम्म्याच भावानं धरायचे, नाहीतर नव्यांना जागाच मिळायची नाही. हा दंड भरून पण हे आतच. मे २०२४ मध्ये तिथल्या चार्ट कंपनीनं जाहीर केलं की नंबर वन कधीच न झालेल्या गाण्यांत ब्रिटनमध्ये सगळ्यात मोठं हेच. आणि त्यासाठी मागे कुणाला टाकलं माहितीये का? ओअ‍ॅसिसच्या 'वंडरवॉल'ला. ज्यांना बघून बँड काढला त्यांनाच.

आता 'कुणी शिकवलं' हा प्रश्न. कुणीच नाही. थोरल्या भावाच्या गाडीत ऐकलं, कुणाच्या तरी बर्थडेला ऐकलं, रीलमध्ये ऐकलं, 'द हॉलिडे' या २००६ च्या सिनेमात कॅमेरॉन डियाझ यावर एकटीच घसा फाडून गाते ते बघितलं. गाणं पोरांपर्यंत पोचलं तेव्हाच ते बरोबर ओरडायचं गाणं म्हणून पोचलं. ऐकायला म्हणून कुणी दिलंच नाही. त्यांनी कधी कुणाला हे शांत बसून ऐकताना बघितलेलंच नाहीये सर, तर ती तरी कशी बसतील.

प्रश्न : मुलीचं लग्न ठरलंय. कार्यक्रम संभाजीनगर रोडच्या एका लॉनवर. संगीतला तिला आणि जावईबापूंना हे गाणं लावायचंय. मी इंग्रजी बेताचंच जाणतो, पण भाच्याकडून अर्थ समजून घेतला आणि चाटच पडलो. प्रेयसी दुसऱ्याबरोबर गेली म्हणून जळफळणाऱ्या माणसाचं गाणं लग्नात? विहीणबाई इंग्लिश मीडियमच्या शाळेत शिक्षिका होत्या, त्यांना सगळं कळतं. काय करू? – एक वधूपिता, इंदिरानगर

काका, भाच्यानं अर्थ बरोबरच सांगितलाय. पण एक गोष्ट राहिली त्याची सांगायची. ब्रिटनमध्ये लग्नाच्या पार्टीत हे गाणं नाही वाजलं तर डीजेला लोक पैसे मागे मागतील अशी परिस्थिती आहे. तिथे नवरा-नवरी, आत्या, मामा, सगळे एकमेकांच्या गळ्यात हात टाकून हेच ओरडतात, आणि लग्नं मोडल्याचं काही कानावर नाही.

हे कसं चालतं बघा. गाण्यातला माणूस जळतोय, पण चाल कुठेच रडकी नाही. मेजर स्केल, टेम्पो मिनिटाला १४८ ठोके, म्हणजे नाचायच्या गाण्यांपेक्षा पण पळतं. पोटात आग आणि पायात उड्या, असं ते दोन्ही एकदम चालू असतं. आणि तो माणूस वर म्हणतोय की मी अगदी मजेत आहे, नाव पण स्वतःला काय घेतलंय तर उजळ बाजू बघणारा गृहस्थ! आपल्यातला प्रत्येक जण कधी ना कधी 'नाही नाही, मला काही वाटलं नाही' असं दात ओठ खात म्हणालेला असतो. तेवढं सगळ्यांना ओळखू येतं, पुढचं कोण कुणाबरोबर गेलं ते कुणी धरून बसत नाही.

विहीणबाईंचं म्हणाल तर त्यांना कळत असेल तर त्यांना हेही कळत असेल. नसेल तर आपल्याकडे लग्नात वरातीच्या बँडवाल्यांनी काय काय विरहगीतं वाजवलीयेत ते त्यांना आठवून द्या, हळदीला बेवफाईची गाणी वाजतात तेव्हा कोण अर्थ काढतं.

फक्त दोन गोष्टी पाळा. एक म्हणजे वधूच्या एंट्रीला हे लावू नका. तिची एंट्री संथ असते आणि या गाण्यात संथ असं काही नाहीच, पहिल्या सेकंदाला रिफ सुरू आणि थेट पळापळ, बिचारी शालू सावरत धावेल. हे लावायचं सगळ्यात शेवटी, जेव्हा काकवांनी पण चपला काढलेल्या असतात. दुसरं म्हणजे उघड्या लॉनवर रात्री दहाला स्पीकर बंद करायचा नियम आहे, आणि आपल्याकडे संगीतचा कार्यक्रम वेळेत सुरू झाल्याचं मी तरी बघितलेलं नाही, मग नऊ पन्नासला आत्याबाईंचा डान्स राहिलेला असतो आणि शेवटचं गाणं कापलं जातं. डीजेला आधीच सांगून ठेवा, काहीही झालं तरी पावणेदहाला हे लागलं पाहिजे. गाणं पावणेचार मिनिटांचं आहे, वन्स मोअर धरून पण दहाच्या आत बसतं.

प्रश्न : सगळे 'इंडी इंडी' म्हणतात. हे इंडी म्हणजे इंडियन का? – नववीतला वाचक, देवळाली कॅम्प

नाही रे बाळा, इंडिपेंडंट. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, छोट्या लेबलवर निघणाऱ्या गाण्यांना आधी म्हणायचे, मग त्या गाण्यांच्या आवाजालाच म्हणायला लागले. हे गाणं छोट्या लेबलवर सुरू झालं आणि लगेच मोठ्या कंपनीकडे पण गेलं, तरी नाव इंडीच राहिलं. परीक्षेत येणार नाही, काळजी करू नकोस.

प्रश्न : सर मी कॉलेज रोडला गिटार क्लासला जाते. या गाण्याची रिफ माझ्या हाताला बसतच नाहीये, बोटं पुरत नाहीत. आणि घरी आजोबा हार्मोनियमवर सूर शोधून देतात तर ते म्हणतात हे गाणं गाणं नाहीच, एकाच पट्टीवर बोट ठेवून बसलोय. कोण बरोबर? – एक विद्यार्थिनी, सातपूर

आजोबा बरोबर. आणि गाणंही बरोबर.

आजोबांना सांग की गाणं काळी एकमध्ये आहे. त्यांना एकदम जवळचं वाटेल बघ, आपल्याकडे निम्मे गवई तिथेच गातात. (इंग्रजीत डी-फ्लॅट मेजर.) आता काळी एकला सा धरला तर कडव्यात फ्लॉवर्स बहुतेक वेळ शुद्ध गंधारावरच बसून आहे. खाली-वर किंचित हलतो, परत गंधार. म्हणून आजोबांचं बोट एकाच पट्टीवर राहतंय. पण खाली गिटार काय करते ते ऐक. पहिल्या कॉर्डमध्ये (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यात) सा आहे, दुसरीत तो सा अर्धा सूर सरकून खालचा नी होतो, बाकीचे सूर तिथेच. वर माणूस हटून बसलाय आणि खालची जमीन जराशी सरकली. संशय येतो तेव्हा असंच होतं ना? बाहेर सगळं तेच, आतली एकच गोष्ट हललेली. मग कोरसला, म्हणजे धृपदाला, येईपर्यंत तो गंधार इतका ताणला जातो की आवाज जेव्हा मोकळा सुटतो तेव्हा ऐकणाऱ्याचाच श्वास सुटतो. ताना-पलटे घेऊन हे झालं नसतं. आजोबांना हा खालचा नी वाजवून दाखव आणि वर गंधार धरायला सांग, मग बघ काय म्हणतात.

शिवाय एकाच सुरावर असल्यामुळे ज्याला गाता येत नाही तो पण गाऊ शकतो. हे फार मोठं काम आहे, याला कमी लेखू नकोस. रेंज मोठी असलेलं गाणं लोक ऐकतात, असलं गाणं लोक गातात.

बोटांचं म्हणशील तर बरेच गिटारवाले सहाही तारा अर्ध्या सुरानं उतरवून घेतात आणि मग डी मेजरच्या हिशोबानं वाजवतात. तारा सैल झाल्या की बोटं ताणायला पण सोपं जातं. कॅफेत वगैरे वाजवताना बघितलंयस का, या गाण्याच्या आधी गिटारवाला अ‍ॅम्पचा आवाज शून्यावर नेऊन ट्यूनरकडे डोळे लावून बसतो, गाणारा तोवर काहीतरी फालतू जोक मारून वेळ काढतो, ते यासाठीच. आणि घरी लगेच १४८ ला जाऊ नकोस. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) ९० ला लाव, करंगळी आणि अंगठ्याची जागा बघ, अंगठा गळ्याच्या मागे मध्यावर आला पाहिजे, वरून डोकावत असेल तर बोटं कधीच पुरणार नाहीत. मनगट दुखलं की थांबायचं. क्लासच्या सरांना हे मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

प्रश्न : मी जरा स्पष्टच बोलतो. या गाण्यात दुसरं कडवं म्हणजे पहिलंच कडवं परत! शब्दन् शब्द तोच. आपल्याकडे एवढ्या मोठमोठ्या कवींनी एकेका अंतऱ्यासाठी रात्री जागवल्या आणि इथे दुसरं कडवं लिहायचा कंटाळा केला त्याला जग डोक्यावर घेतं. हा आळस नाही का? – एक जुने वाचक, गंगापूर रोड

आळस म्हणा, नाहीतर दुसरं सुचलंच नाही म्हणा. फ्लॉवर्सनं दुसरं कडवं लिहिलंच नव्हतं, म्हणून पहिलंच परत गायलं आणि ते तसंच राहून गेलं. कलेच्या दृष्टीनं तुम्ही म्हणता ते मान्य आहे, कवितेच्या वर्गात याला मार्क मिळणार नाहीत.

पण मला हे गाण्याचं नशीब वाटतं. कारण बघा, मत्सरात माणूस पुढे जातो कुठे? तीच खोली, तोच सीन, तेच डोक्यात परत परत. दुसऱ्या कडव्यात काही नवीन घडलं असतं, समजा ती परत आली किंवा हा दुसरीकडे वळला, तर गोष्ट पूर्ण झाली असती, आणि गोष्ट पूर्ण झाली की माणूस उठून घरी जातो. इथे शेवटच लागत नाही. म्हणून परत लावतात.

आणि गर्दीच्या बाजूनं बघा. पाठ करायला एकच कडवं. पहिल्यांदा चुकलं तर दुसऱ्यांदा सुधारता येतं, नाही सुधारलं तरी कोण बघतंय. आपली गणपतीची आरतीच घ्या ना, 'संकटी पावावे'चं 'संकष्टी' करणारे आणि 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' करणारे घरोघरी आहेत, तेच सगळ्यात मोठ्यानं म्हणतात, आणि त्यांच्यामुळेच आरती दणक्यात होते. या गाण्यातही मधल्या ओळी काय आहेत ते अर्ध्या लोकांना धड माहीत नसतं, पण तोंड हलत असतं आणि कोरस आला की सगळे घरी पोचतात.

तुमचा राग मी समजू शकतो. पण ज्यांनी रात्री जागवल्या त्यांची गाणी आपण बसून ऐकायला केली. हे उभं राहायला केलंय.

प्रश्न : मराठीत असं एखादं रॉकचं गाणं का नाही? इंग्रजी-हिंदीचीच का गायची? – बी.ई. झालेला, सध्या घरी, सिडको

भावा, 'सध्या घरी' काय, सगळेच कधी ना कधी असतात.

आपल्या देशात बँडची गाणी टिकलीयेत. इंडियन ओशनचं 'कंदिसा' २००० सालचं, अजून लोक डोळे मिटून गातात, आणि त्याची भाषा तर अ‍ॅरमेइक, कुणाला काही कळत नाही. दिल्लीच्या परिक्रमाचं 'बट इट रेन्ड' एका पिढीच्या कॉलेज फेस्टमध्ये वाजलं. द लोकल ट्रेनचं 'छू लो' आता होस्टेलमध्ये राष्ट्रगीतासारखं चालतं. म्हणजे पब्लिक आहे, गाणारे पण आहेत.

मराठीत अडचण अशी आहे की आपल्याकडे गर्दीचं गाणं सिनेमानं आधीच धरून ठेवलंय. २०१६ ला 'सैराट' आला आणि 'झिंगाट' वाजलं, आजही लग्नात, मिरवणुकीत, मॅच जिंकल्यावर तेच. अजय-अतुलनी त्या सिनेमाचा वाद्यवृंद हॉलिवूडमध्ये जाऊन रेकॉर्ड केला होता, तेवढा पैसा, तेवढी माणसं त्याच्या मागे. चार पोरं सिडकोतल्या गच्चीवर प्रॅक्टिस करतात, खालचे काका नऊ वाजता बेल वाजवतात, त्यांनी कशी बरोबरी करायची. आणि पोरांना गिग मिळाली तरी मालक म्हणतो हिंदी वाजवा, कस्टमर उठून जातात. हे मी कानांनी ऐकलंय.

पण दुसरी बाजू पण आहे. आपल्याकडची पोरं मराठीत गाणं करतात तेव्हा एक तर अभंग उचलतात नाहीतर पोवाडा, आणि त्यावर गिटारचं डिस्टॉर्शन (फाटका, खरखरीत आवाज) टाकतात. चांगली होतात काही, नाही म्हणत नाही. पण सिडकोतल्या मुलाचा स्वतःचा प्रेमभंग, त्रिमूर्ती चौकात तिला दुसऱ्याच्या गाडीवर बघितलं, हा विषय मराठी रॉकमध्ये कुणी धड लिहीत नाही, लाज वाटते. फ्लॉवर्सनं काय केलं, गावातल्या पबचं लफडं जसंच्या तसं लिहिलं. मोठं काही सांगायला गेला नाही. आणि आपल्याकडे तर ठेक्याची कमी नाही, नाशिक ढोल देशभर सुपारी घेऊन जातो. तो ढोल मागे आणि पुढे आपल्या बोलीतलं, आपल्या चौकातलं एक रडगाणं, मेजरमध्ये, पळत्या लयीत. मला ऐकायचंय ते. कर तू, नाहीतरी घरीच आहेस.

एक मात्र लक्षात ठेव. 'अँथम लिहितो', म्हणजे गर्दीनं एकत्र गायचं गाणं लिहितो, म्हणून बसू नकोस. किलर्सना पण तेव्हा माहीत नव्हतं. २०२४ च्या जुलैमध्ये ते लंडनच्या ओ-टू अरीनात वाजवत होते, त्याच रात्री युरो या फुटबॉल स्पर्धेची सेमीफायनल, इंग्लंड विरुद्ध नेदरलँड्स. शेवटच्या मिनिटांसाठी त्यांनी शो थांबवून मॅच मोठ्या पडद्यावर दाखवली, इंग्लंड २-१ नं जिंकलं, शिट्टी वाजली आणि त्याच क्षणाला हे गाणं सुरू केलं. पूर्ण हॉल येडा झाला. आता गर्लफ्रेंडच्या बेवफाईचा आणि फुटबॉलचा संबंध काय? काही नाही. पण त्या वेळी त्या लोकांना आनंदात ओरडायला दुसरं कुठलं गाणं चाललंच नसतं. लिहिणाऱ्यानं एक लिहिलं, लोकांनी त्याचं भलतंच केलं, आणि त्यानं ते करू दिलं. व्हिडिओ पाहिलास का? नसेल तर बघ, फ्लॉवर्स जास्त काही करत नाही, गर्दीच गाते.

प्रश्न : आमचा छोटा कॅफे आहे. शनिवारी पोरं येऊन असली गाणी वाजवतात. कुणीतरी म्हणालं लायसन्स लागतं. घरच्या लग्नात तर कुणी विचारत नाही, मग इथे का? – एक कॅफेवाल्या ताई, नाशिकरोड

ताई, लग्नाला कायद्यातच सूट आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक आणि सरकारी समारंभांना जी मोकळीक दिलीये त्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी संबंधित समारंभ पण धरलेत. (इंदिरानगरच्या काकांनी हेही वाचून ठेवावं, लॉनवाल्यानं वेगळे पैसे मागितले तर कामाला येईल.) कॅफेत मात्र तुम्ही धंदा करताय, गाण्यामुळे गिऱ्हाईक बसतं, त्यामुळे तिथे ती सूट नाही. पोरं स्वतः वाजवत असतील तर गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडे विचारायचं, रेकॉर्डेड गाणी स्पीकरवर लावत असाल तर रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे, त्याचं वेगळं बघावं लागतं. खुर्च्या किती, आठवड्यातून किती दिवस, हे आधी लिहून घ्या आणि मगच फोन करा. हे काम जागेच्या मालकाचं असतं, वाजवणाऱ्या पोरांच्या मानधनातून कापू नका. आणि त्यांना शनिवारी चहाबरोबर काहीतरी खायला पण द्या, रिकाम्या पोटी १४८ च्या लयीत हात चालत नाही.